आळीच्या बॅटऱ्या आणि गुणाबाईची अंडी

गुणाबाईची काळी कोंबडी मुंगसाने उचलली ती भर सकाळी, अंड्यांवर बसलेली असताना. मुंगूस कुडाच्या भोकातून पडवीत आलं, काम उरकलं आणि आल्या वाटेने गेलं. मागे राहिली एक पाटी, पाटीत भाताचं तूस आणि तुसात अकरा अंडी, अजून ऊन.

एरवी सावरखांडात कोंबडी गेली म्हणून कुणी एवढं जमलं नसतं. दोन शिव्या मुंगसाला, दोन कुडाला, की झालं. पण त्या हिवाळ्यात गावात मर येऊन गेली होती. माना वाकड्या टाकून कोंबड्या पटापट गेल्या, कोंबडेही गेले, शेवटचा तर काळी अंडी घालत असतानाच, आणि लोक मोबाइलच्या गजरावर उठायला लागले. एकटी काळी तेवढी वाचली होती. बाजारातून आणलेली पिल्लं गावात टिकत नव्हती. म्हणजे सावरखांडात पुन्हा गावठी कोंबडी नांदायची असेल तर ती त्या पाटीतूनच.

गुणाबाईने एकेक अंडं उचलून पदरात घेतलं आणि जमलेल्यांना विचारलं, "आता यांचा काय करू? कालवण?"

जो तो कुडाच्या भोकाकडे बघू लागला. उत्तर सगळ्यांना येत होतं.

तेवढ्यात शेजारच्या दारातून सुयोग देसले ऑफिसची बॅग घेऊन बाहेर पडले. देसले मुरबाडच्या पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे, आणि तेही मनातल्या मनात स्वतःला भाऊसाहेबच म्हणत असावेत. त्यांनी पदरातली अंडी पाहिली, बाईचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "थांबा. कालवण नको. मशीन करता येतं."

'करता येतं' हे शब्द भाऊसाहेबांनी नोकरीत कधी उच्चारले नव्हते. ऑफिसात ते 'पाहावं लागेल' म्हणत, 'वर विचारावं लागेल' म्हणत. आज तोंडून गेलं ते गेलं, आणि आळीने ते झेललं. ते जीपच्या थांब्यावर पोहोचायच्या आत बातमी त्यांच्यापुढे पोहोचली होती.

मशीन म्हणजे मुरबाडच्या मासळीवाल्याकडची थर्माकोलची पेटी, जिचा बोंबलाचा वास शेवटपर्यंत गेला नाही. आत पाण्याची वाटी, एक थर्मामीटर, गाडीच्या इंडिकेटरचे दोन बल्ब आणि कल्याणहून मागवलेली काडेपेटीएवढी एक पट्टी. ऊब साडेसदतीसच्या खाली उतरली की पट्टी बल्ब लावायची, वर चढली की विझवायची. पेटी होईपर्यंत अंडी गुणाबाईच्या गोधडीत, गरम पाण्याच्या बाटल्यांच्या संगतीला होती. मग एका संध्याकाळी ती समारंभाने पेटीत गेली. बल्ब लागले. विझले. पुन्हा लागले. आपण कुणीही हात न लावता एक पेटी स्वतःच्या अक्कलहुशारीने ऊब राखते आहे, हे बघत आळी बराच वेळ उभी राहिली. भाऊसाहेबही बघत होते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त चकित तेच होते.

आता प्रश्न विजेचा. सावरखांडात वीज यायची, नाही असं नाही, पण आली आली म्हणेस्तोवर निघायची. गावाची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जुनी झाली होती. तिच्यातून कधी गुणगुण यायची, कधी धूर. म्हणून भाऊसाहेबांनी पेटी बॅटरीवर चालवायचं ठरवलं. वीज असेल तेव्हा चार्जरने बॅटरी भरायची, नसेल तेव्हा बॅटरीने अंडी ऊन ठेवायची. त्यांच्या दारात ताडपत्रीखाली एक छोटी गाडी होती. ती चालवण्यासाठी नसून असण्यासाठी होती. तिची बॅटरी निघाली. पहिल्या रात्री ती पहाटेपर्यंत कशीबशी पुरली. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी स्कूटरची बॅटरीही काढली आणि जोडीला लावली. प्लसला प्लस, मायनसला मायनस.

त्यांच्या पत्नी मनालीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवत. त्या चहाचा कप घेऊन आल्या, दोन वायरी पाहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, दोन हंडे तळाशी नळीने जोडले की काय होतं?"

"दोन्हीकडे पाणी सारखं होतं."

"आणि एक हंडा गळका असला तर?"

"बॅटरीला भोक नसतं, मनाली."

"बरं," मनालीबाई म्हणाल्या.

हे 'बरं' ज्यांनी त्यांच्या वर्गात ऐकलं आहे त्यांना ते ठाऊक आहे. फळ्यावर चुकीचं गणित मांडणाऱ्या पोराला त्या मधेच अडवत नाहीत. शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ देतात.

दुसरं मत कमळूकाकांचं पडलं. कमळूकाका उभा जन्म तानसाच्या धरणावर चाकरीला होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी जगातला कुठलाही प्रश्न तानसावरून सुटतो अशी त्यांची धारणा होती. ते ओट्यावर टेकले, बॅटऱ्यांकडे बघून त्यांनी तंबाखू मळली.

"भाऊसाहेब, आमी तानसाला होतो तवा एक गोष्ट शिकलो. नदी म्हणू नका, व्हाळ म्हणू नका, लहान-मोठा बघू नका. सगला आत घ्यायचा. तलाव भरतो तो असा. या दोन बॅटऱ्या म्हंजे दोन व्हाळ. अजून जोडा."

तानसाचं पाणी मुंबई पिते. अशा धरणावरच्या माणसाला सावरखांडच्या अंड्यांचं काय अवघड? भाऊसाहेबांना तो दाखला पटला, कारण तो हंड्यापेक्षा मोठा होता.

मग आळीतल्या कोंडूने आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून दिली. ती बॅटरी भल्या थोरल्या पेटाऱ्याएवढी, जुनी, कडेला पांढरी बुरशी आलेली. "पाणी जरा जास्त पिते," कोंडू म्हणाला, "पण दांडगी हाय." शेवटी आला जगन. मुरबाडला प्रवासी नेणारी वडाप जीप त्याची, आणि गुणाबाई त्याची सख्खी मावशी. त्याने जीपमधून नवी कोरी बॅटरी उचलून ओट्यावर ठेवली.

"भाऊसाहेब, सकाळी पयल्या फेरीला मला लागंल. सांच्याला आणून देत जाईन. मावशीची अंडी हायेत ती."

चारही बॅटऱ्या ओट्यावर एका ओळीत मांडल्या तेव्हा लग्नातल्या फोटोसारखं दृश्य झालं. मध्ये ट्रॅक्टरची थोराड, एका बाजूला जीपची तरणीताठी, दुसऱ्या बाजूला गाडीची थकलेली, आणि पुढे पायाशी स्कूटरची चिमुकली. वायरींनी सगळ्यांचे हात एकमेकांत. आणि गंमत अशी की चालल्या. वीज गेली, दुसऱ्या दिवशीही आली नाही, पण पेटीतले बल्ब लागत राहिले, विझत राहिले. शेजारच्या आंब्याच्या पाड्यातून माणसं बघायला आली. भाऊसाहेबांनी लुंगीऐवजी पँट घालायला सुरुवात केली.

रविवारी त्यांनी अंडी तपासायची ठरवली. कोठीच्या खोलीची खिडकी पोत्याने बंद केली, मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरली आणि नळीच्या तोंडाशी पहिलं अंडं ठेवलं. काय दिसतं ते त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. वाचणं वेगळं.

अंडं कंदिलासारखं तांबूस उजळलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा चहूकडे फाकल्या होत्या, आणि जिथून त्या फुटत होत्या तिथे मोहरीएवढा एक ठिपका होता. तो उडत होता. टुकटुक, टुकटुक, कुणाची वाट न बघता.

भाऊसाहेबांनी ते अंडं तसंच धरून ठेवलं. त्यांनी सरकून गुणाबाईला जागा दिली. तिने एक डोळा मिटून पाहिलं आणि मग दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. ती जन्मभर कोंबड्या बसवत आली होती. किती पिल्लं तिच्या हाताखालून गेली त्याला गणती नव्हती. पण कवचाच्या आतलं तिनेही कधी पाहिलं नव्हतं.

"हा त्याचा काळीज?" तिने विचारलं.

"हो."

"एवढासा," ती म्हणाली, "आन कामाला लागला पन."

त्या दिवशी कोठीच्या दाराशी देवळासारखी रांग लागली. एकेक जण आत जाई आणि जरा वेळाने पावलं न वाजवता बाहेर येई. कमळूकाका सगळ्यांत जास्त वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा लोक थांबले, की आता तानसाला असं काय होतं ते काका सांगतील. काका म्हणाले, "नाय. असा तानसाला काय नव्हता." आणि चालते झाले.

अकरापैकी दोन अंड्यांत काही नव्हतं. ती बाजूला झाली. उरली नऊ.

त्यानंतर भाऊसाहेबांना चैन पडेना. मोहरीएवढं काळीज पाहिल्यावर माणूस बेफिकीर राहू शकत नाही. त्यांनी विजेच्या ऑफिसात अर्ज दिला. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता असं ते मानत. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयान्वये' वगैरे सगळं जागच्या जागी. चार दिवसांनी अर्ज परत आला. त्यात 'डीपी' असा शब्द वापरला होता आणि तसं काही कार्यालयाच्या अखत्यारीत नव्हतं. कार्यालयाकडे 'रोहित्र' होतं. भाऊसाहेबांच्या जिव्हारी लागलं ते डीपीचं नव्हे. ही अशी चूक काढून अर्ज परत पाठवणं ही त्यांची स्वतःची हातोटी होती, आणि ती दुसऱ्या कुणालाही येते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी 'रोहित्र' घालून पुन्हा अर्ज दिला. मग रोहित्राचा क्रमांक मागितला गेला. क्रमांक रोहित्रावर होता, पण त्यावर कावळ्याचं घरटं होतं.

इकडे ओट्यावर वेगळंच काही चाललं होतं. चार बॅटऱ्या, पण चौघींचं बळ दिवसागणिक उतरत होतं. आधी दीड दिवस पुरलेली वीज मग एक रात्र पुरली, मग अर्धी. कमळूकाकांनी पाचवी शोधायला सांगितलं. जगनची जीप सकाळी कुरकुरायला लागली. आधी चावी फिरवल्यावर कण्हायची, मग नुसतीच 'टक्' करायची. ढकलल्याशिवाय निघेना. सावरखांडचे प्रवासी शहाणे. ते थांबा सोडून उताराच्या तोंडाशी उभे राहू लागले, म्हणजे ढकलून लगेच चढता येईल. कोंडूचा ट्रॅक्टर तर बांधावर जो उभा राहिला तो राहिलाच. त्यावर बगळे बसायला लागले.

एका सकाळी भाऊसाहेब ओट्यावर एकटेच होते. वीज नव्हती, म्हणून चार्जर बंद. पेटी ऊन होती, म्हणून बल्ब बंद. सगळं सामसूम. जगन बॅटरी न्यायला यायच्या आधी तिच्यावर फडकं मारावं म्हणून त्यांनी हात घातला, आणि जीपची बॅटरी व ट्रॅक्टरची बॅटरी यांना जोडणारी वायर त्यांच्या बोटांना लागली. वायर कोमट होती.

त्यांनी हात काढला आणि पुन्हा लावला. कोमटच. काही चालू नाही, काही लागत नाही, आणि तरी या डब्यातून त्या डब्यात काहीतरी चाललंय. ना आवाज, ना उजेड. भाऊसाहेब बराच वेळ ती वायर चिमटीत धरून बसले, वैद्याने नाडी धरावी तसे. आपण चार काळी खोकी आणून ठेवली होती, ती निमूटपणे आपसात व्यवहार करत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं त्यांना विलक्षण नवल वाटलं. मग त्यांनी त्याचा अर्थ लावला. वीस वर्षं सरकारी कागदांचे अर्थ लावलेल्या माणसाने लावावा तसाच लावला. बॅटऱ्या एकमेकींत मिसळू लागल्या आहेत, हे शुभलक्षण आहे.

दोन दिवसांनी वास आला.

दुपारची वेळ. वीज सकाळपासून होती, चार्जर घुमत होता. भाऊसाहेब रजेवर होते, अंड्यांसाठी घेतलेली आजारपणाची रजा. गुणाबाई अंडी फिरवायला आली आणि दारातच थबकली. तिने नाकाला पदर लावला. सडक्या अंड्यांचा वास, दुसरा कसलाच नाही. सबंध ओटा, पडवी, माजघर त्या वासाने भरून गेलं होतं.

गुणाबाई तिथेच पायरीवर बसली. "गेली," एवढंच म्हणाली.

भाऊसाहेबांना पेटी उघडायचा धीर होईना. उघडली तेव्हा नाक बधिर झालं होतं. बोंबील कुठला, अंडं कुठलं, काही कळेना. एकेक अंडं काढून त्यांनी नाकाशी नेलं. मग कोंडूच्या नाकाशी. मग कमळूकाकांच्या. कमळूकाका म्हणाले, दुसऱ्यातून येतोय. कोंडू म्हणाला, सातव्यातून. मग दोघांनी अदलाबदल करून पुन्हा हुंगलं. अंडी फेकायची कुठली यावर बोलणं आलं आणि एक अंडं कोंडूच्या हातून निसटतं निसटतं राहिलं.

मनालीबाई शाळेतून आल्या त्या याच वेळी. उंबऱ्यात त्यांनी एकदाच श्वास घेतला, पर्स खाली टाकली, आधी चार्जरचं बटण बंद केलं आणि मग सगळ्या खिडक्या उघडल्या.

"विडी कुणी पेटवू नका," त्या म्हणाल्या. "अंडी ठेवा पेटीत. अंडी नाही, बॅटरी कुजलीय."

ट्रॅक्टरची बॅटरी हात लावू नये इतकी तापली होती. तिच्या बुचांतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. भाऊसाहेबांनी मोबाइल घेतला, कोठीत गेले आणि पहिलं अंडं उजेडावर धरलं. आता आत शिरा वगैरे दिसत नव्हत्या. अंडं जवळजवळ पूर्ण काळं होतं, फक्त टोकाशी चतकोर रिकामी जागा. त्या काळोखाने एकदम कूस बदलली. भाऊसाहेब दचकले. बाहेर गुणाबाई पायरीवर तशीच होती. ते अंडं घेऊनच बाहेर गेले आणि तिच्या हातात दिलं. कवचाच्या आत कुणीतरी पाय ताणला, आणि तो तिच्या तळव्याला कळला.

चहा झाल्यावर मनालीबाईंनी फळ्यावरचं चुकलेलं गणित पुसलं.

"ट्रॅक्टरच्या बॅटरीचा एक कप्पा मेलेला आहे. ती कधी पूर्ण भरणारच नाही. तुम्ही तिच्या शेजारी नवी बांधलीत. नवी आपली तिला भरवत बसली, बल्ब लागो न लागो."

"वायर कोमट होती," भाऊसाहेब म्हणाले.

"असणारच. आणि चार्जरला वाटतं अजून भूक आहे, तो ओततच राहतो. त्यात जुनीचे उरलेले कप्पे उकळले आणि बाकीच्या करपल्या. लहानमोठ्या, नव्याजुन्या एकत्र बांधल्या की दुबळी सुधारत नाही. चांगलीचं आयुष्य मात्र जातं. चार वर्षं चालायची ती चार महिने चालत नाही."

"मला आधी सांगायचंत."

"हंड्याचं सांगितलं होतं," मनालीबाई म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

भाऊसाहेबांनी वायरी सोडल्या. आता उशीर झाला होता. संध्याकाळी जगन आला तेव्हा त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि, जसं घडलं तसं, त्याची नवी कोरी बॅटरी आपण कशी संपवली ते सांगितलं. कागदावर ते हे सहज लिहू शकले असते. समोरासमोर सांगताना ना विषय होता, ना संदर्भ. जगनने ऐकून घेतलं.

"म्हंजे माझी तिला पाजत होती?"

"हो."

"मी ल्हान होतो तवा मावशी पन असाच करायची, सोता उपाशी ऱ्हाऊन मला भरवायची," जगन म्हणाला. "जाऊं द्या. बॅटरी गेली तर बॅटरी मिळंल बाजारात. काळी नाय मिळायची."

जगन चार शब्द वाकडे बोलला असता तर भाऊसाहेबांना हलकं वाटलं असतं. तो नुसता उठून अंडी बघायला आत गेला.

उरलेले दिवस त्यांनी एकेक बॅटरी वेगळी लावून, एकीला विश्रांती, दुसरीला काम, असे कसेबसे रेटले. मग एका संध्याकाळी पेटीतून आवाज आला. भाऊसाहेबांना आधी वाटलं, रस्त्यावर कुणाचा फोन वाजतोय. त्यांनी झाकण जरासं उचललं. आवाज बंद कवचातून येत होता. एक अंडं बोले, जरा थांबे, मग शेजारचं उत्तर देई. अजून जग न पाहिलेली दोन तोंडं भिंतीआडून एकमेकांची चौकशी करत होती. सकाळी दोन अंड्यांवर टोच पडली होती, तांदळाएवढी, आणि भेगेतून पांढरट चोचीचं टोक आत-बाहेर होत होतं.

त्याच सकाळी डीपी जळाली. मोठा आवाज झाला, कावळे उडाले आणि सगळं गाव विझलं. ट्रॅक्टरची बॅटरी मेलेली, गाडीची मेलेली, स्कूटरची केव्हाच. थर्मामीटरचा आकडा उतरायला लागला.

"ऑफिसात वीज आहे," भाऊसाहेब म्हणाले. "मुरबाडला नेऊ."

पण न्यायचं कशात? आळीतल्या ज्या ज्या गाडीला चाकं होती तिची बॅटरी या ओट्यावर येऊन संपली होती. फक्त जगनची जीप उताराच्या तोंडाशी उभी होती, प्रवासी ढकलायच्या तयारीत. जुनी जीप. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, पत्र्याच्या झाकणाखाली, आणि ते झाकण एकदा तापलं की हिवाळ्यात त्यावर हात शेकत लोक मुरबाडपर्यंत जातात. गुणाबाईने पाटीत तूस घातलं, गोधडी घातली, अंडी ठेवली आणि थर्मामीटर खोचला. मनालीबाईंनी रिकामी पेटी टपावर बांधून घेतली. मग भाऊसाहेबांनी ऑफिसच्या कपड्यांत, बॅग गळ्यात अडकवून, इतरांबरोबर जीपच्या मागे खांदा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच. जीप घरंगळली, धक्के खाल्ले आणि खोकत खोकत जिवंत झाली.

"आता बंद नाय करायची," जगन म्हणाला. "बंद केली का पुन्हा नाय व्हायची."

पाटी झाकणावर, एका बाजूला गुणाबाई, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब. मागे भाजीवाल्या बाया, कोर्टाच्या तारखेला निघालेला एक जण, लग्नपत्रिका वाटणारे दोघे. किन्हवलीच्या फाट्यावर आणखी भरले. भाऊसाहेब थर्मामीटर वाचत होते.

"चढतंय."

जगन ॲक्सिलरेटर सोडी. जीप बैलगाडीच्या चालीने जाई.

"उतरतंय."

जगन गाडी दामटे. खड्डा आला की सगळी जीप एका सुरात "सांभाळून" म्हणे. दोन दुचाकीवाले शिव्या देत पुढे गेले. कोर्टवाल्याने एकदा घड्याळ बघितलं, मग पाटीकडे बघितलं आणि घड्याळ बाहीखाली सारलं.

निम्म्या वाटेवर पहिलं अंडं कापायला लागलं. चोच आतून एक टोचा मारी, पिल्लू आतल्या आत जरासं वळे, मग पुढचा टोचा. टाकेच उसवावेत तशी भेग कवचाभोवती फिरत चालली. गोधडी बाजूला झाली होती आणि कुणी श्वास मोठा घेत नव्हतं. मागच्या बाकावरची माणसं उभी राहून, टपाला डोकी टेकून वाकली होती. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती, आणि तिच्या वर ते बारीक, चिवट, मोडक्या शिट्टीसारखं बोलणं.

"हात लावू का? मदत करू?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नाय," गुणाबाई म्हणाली. "त्याचा त्याला येऊं द्या."

मुरबाडच्या नाक्यावर जीप पोहोचली तेव्हा भेग पूर्ण फिरली होती. जगनने गाडी मधोमधच थांबवली, इंजिन चालू ठेवून. मागे हॉर्न सुरू झाले. नाक्यावरचा हवालदार तरातरा आला, पुढच्या पत्र्यावर थाप मारायला हात उचलला आणि काचेतून आत बघितलं. हात वरच राहिला. मग तो वळला आणि मागच्या गाड्यांना कडेकडेने जायची खूण करत उभा राहिला.

कुणी उतरलं नाही. बाजाराची वेळ झाली होती, कोर्टाची झाली होती, पंचायत समितीच्या हजेरीची तर टळून गेली होती.

कवचाची टोपी उचलली गेली. एक ओलं, काळं, चुरगळलेलं काहीतरी कवचातून बाहेर सांडलं आणि गोधडीच्या कडेवरून घरंगळत भाऊसाहेबांनी पुढे केलेल्या तळहातावर येऊन पडलं. ते निपचित होतं. मान लांब टाकलेली, डोळे मिटलेले.

"मेला का?" मागून कुणीतरी विचारलं.

"दम खातंय," गुणाबाई म्हणाली.

भाऊसाहेबांनी हात हलवला नाही. तळव्यावर त्यांना पिसाहून हलकं वजन लागत होतं, आणि त्या वजनाच्या आत काहीतरी धडधडत होतं. पिल्लाने मान उचलली. पाडली. पुन्हा उचलली. दोन पाय अंगाखाली घेतले, एक निसटला, त्याने तो पुन्हा गोळा केला, आणि हाताच्या रेषांवर नखं रोवून ते डुगडुगत वर झालं.

"उभं राह्यलं," गुणाबाई म्हणाली, अगदी हळू.

मागच्या बाकावर कुणीतरी गुपचूप चपला काढल्या.